क्लचपर्यंत न पोहोचलेला पाय

त्या सकाळची आठवण निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. अपघाताच्या केसेस मी शेकड्यांनी पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र वेगळी उरली, आणि ती आठवायला लागली की सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतो तो कोरडा नळ.

विटा-तासगाव भागातलं एक गाव. नाव सांगत नाही, कुणाचंच सांगणार नाही. गावात सकाळी सात ते आठ नळाला पाणी येई. पाणी सोडायचं काम ग्रामपंचायतीच्या एका माणसाकडे होतं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं किडकिडीत, बोलणं कमी. रोज साडेसहाला तो सायकलवरून निघायचा, हँडलला व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी आडवी बांधलेली असायची, आणि मुख्य रस्त्यानं दीड किलोमीटरवरच्या टाकीवर जायचा. एकोणीस वर्षं हेच.

त्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले, नळाला थेंब नाही. बायका घागरी लावून बसल्या. पुरुषांनी तोंड सोडलं. कुणी म्हणालं झोपला असंल, कुणी म्हणालं पिऊन पडला असंल. तो माणूस दारूला शिवत नव्हता, हे मला नंतर कळलं. शेवटी दोघं जण मोटरसायकलवर त्याला दटावायला म्हणून निघाले आणि रस्त्याकडेच्या चरीत त्यांना तो सापडला. अंग अजून ऊबदार होतं.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो, ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. फोन आला तसा स्टेशन डायरीला नोंद करून हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार माझ्यापेक्षा वयानं मोठा, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. रस्ता वाचायला मी त्याच्याकडूनच शिकलो.

सायकल पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, मुरमाच्या साइडपट्टीवर आडवी पडली होती. मागचं चाक दुमडलेलं. म्हणजे हा माणूस डांबरावर नव्हताच, आपल्या बाजूनं, कडेकडेनं चालला होता आणि गाडी मागून त्याच्या अंगावर आली होती. ब्रेक लागल्याची खूण धडकेच्या आधी नव्हती. धडकेनंतर चाळीसेक फुटांवर होती. दिव्याच्या काचा, बंपरचा एक तुकडा, पांढऱ्या रंगाचे कपचे. हवालदार चरीत उतरला आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "सायब, ह्यो लगीच गेला न्हाई. हितनं तितवर सरपटत आलाय."

खरंच, चरीतून रस्त्याकडे चार-पाच फूट रक्ताचा पट्टा होता आणि गवत मुठीत धरून उपटलेलं होतं.

पंचनामा आटोपून ठाण्यात आलो तर अकराच्या सुमारास गुन्हा आपल्या पायांनी चालत आला. एक ड्रायव्हर, पंचेचाळीसच्या आसपासचा, सोबत मिरजेचा एक वकील. ड्रायव्हरनं हात जोडले आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "मी गाडी चालवत होतो. सायकलवाला एकदम आडवा आला. लोक मारतील म्हणून मी थांबलो नाही. गाडी मिरजेत दवाखान्याच्या आवारात लावून इकडं आलो. साहेब मागं झोपलेले होते, त्यांना काही कळलं नाही."

साहेब म्हणजे मिरजेतले एक सर्जन. त्यांचं नाव त्या पट्ट्यात कुणाला माहीत नाही असं नव्हतं. फलटणला नातेवाइकांकडे कार्यक्रमाला गेले होते, पहाटे निघून सकाळच्या ऑपरेशनसाठी परतत होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या क्षणी मला बरं वाटलं. अज्ञात वाहनाचा गुन्हा म्हणजे महिनोन् महिने टोलनाके आणि गॅरेज धुंडाळणं. इथे आरोपी हजर, गाडी हजर, कबुली हजर. हयगयीनं मृत्यूस कारणीभूत होणं, तेव्हाच्या दंड संहितेतलं तीनशे चार-अ, जामीनपात्र. संध्याकाळपर्यंत त्याला अटक दाखवून ठाण्यातच जामिनावर सोडला. दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन पंचांसमक्ष गाडी ताब्यात घेतली, आतल्या बाहेरच्या प्रत्येक गोष्टीची नोंद केली, गाडी टेम्पोवर चढवून ठाण्याच्या आवारात आणून उभी केली. तपास जवळजवळ संपल्यात जमा होता.

सावडण्याच्या दिवशी मी मयताच्या बायकोचा जबाब घ्यायला गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. ती कोपऱ्यात बसली होती, रडून रडून आवाज बसलेला. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मी कागद आवरत होतो, तेवढ्यात बायकांमधली एक म्हातारी आपणहून बोलली. शेजारच्या मळ्यातली, सत्तरीची, गुडघे गेलेले, म्हशीसाठी गवत कापायला रोज त्या रस्त्यालगतच्या बांधावर यायची.

"सायब, मी बघिटलं," ती म्हणाली. "पयली यस्टी गेली आन् मागनं ही गाडी आली. धाडकन आवाज झाला. गाडी म्होरं जाऊन थांबली. त्यातनं एक माणूस उतरला. लय उंच. पांढरा शर्ट. ह्येंच्यापाशी जाऊन वाकून बघत हुता, बराच येळ. मला वाटलं आता उचलून गाडीत घालतोय. मी इळा शोधाय वाकले, वर बघतीया तर गाडी चाललेली. म्हणलं न्हेलं दवाखान्यात. म्हणून मी गवत कापीत बसले." मग तिनं पदर तोंडात कोंबला.

मी विचारलं, "आजी, किती जण उतरले?"

"येकच. ड्रायवरच्या बाजूनं."

"दुसरं कुणी गाडीत दिसलं?"

"न्हाई बा. मग म्होरं गाडी त्यानंच न्हेली असंल की."

लय उंच. माझ्यापुढे हात जोडून उभा राहिलेला ड्रायव्हर माझ्या खांद्याला लागत होता.

ठाण्यात परतलो ते थेट आवारात उभ्या असलेल्या गाडीकडे गेलो. ड्रायव्हरची सीट जेवढी मागं जाऊ शकते तेवढी मागं होती. पंचनाम्यातही तसंच लिहिलेलं होतं, लिहिताना आमच्या कुणाच्या डोक्यात काही आलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला बोलावलं. खोलीत बसवलं नाही, दरडावलं नाही. पंचांना उभं केलं, गाडीचं दार उघडलं आणि म्हणालो, "बस."

तो बसला.

"क्लच दाब."

त्यानं पाय लांब केला. बोटं पेडलला टेकली, पण दाबायचं म्हटलं तर त्याला कंबर सीटवरून पुढं सरकवावी लागली. सरकला तेव्हा डोकं खिडकीच्या खाली गेलं. समोरच्या आरशात त्याला छत दिसत होतं.

"फलटणपासून असाच चालवत आलास?"

तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. मी हवालदाराला चहा सांगायला पाठवलं, पंचांना लांब थांबायला सांगितलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. माझा अनुभव असा की माणूस मारापुढे जेवढा टिकतो तेवढा शांततेपुढे टिकत नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बारा वर्सं झाली सायब त्यांच्याकडं. माझी बायको बाळंतपणात जात हुती. रात सारी त्यांनी उभं राहून वाचवली. माझी पोरगी त्यांच्यामुळं नर्सिंगला लागली."

"मी ते विचारत नाही. त्या सकाळी तू कुठं होतास?"

"घरी. मिरजंत."

"फलटणला गेलाच नव्हतास?"

"न्हाई. रजेवर हुतो. आठ वाजता सायबांचा फोन आला, दवाखान्यात ये. गेलो. गाडीचं त्वांड फुटलेलं."

"त्यांनी सांगितलं तुझ्यावर घे म्हणून?"

त्यानं मान हलवली. "त्ये काय म्हणले न्हाईत. ऑपरेशनचे हिरवे कपडे घालून उभे हुते. नुसतं माझ्याकडं बघत राह्यले. मग इचारलं, तुझं लायसन आहे ना जवळ? मी म्हणलं हाय. झालं. वकील खाली थांबलेलाच हुता."

मी त्याला तेव्हा एक वाक्य बोललो. आम्ही सगळेच बोलतो, इतक्या वेळा बोलतो की त्याचा अर्थ बघायचं सोडून देतो. मी म्हणालो, "खरं सांगितलंस, आता तुला काही होणार नाही. माझा शब्द."

मॅजिस्ट्रेटसमोर त्याचा जबाब झाला. तिथंही तो जसाच्या तसा बोलला. फोनचे तपशील मागवले. ड्रायव्हरचा फोन त्या सकाळी मिरजेच्या टॉवरवरून हललेला नव्हता. डॉक्टरांच्या फोनवर सहा एकेचाळीसला दवाखान्यातून आलेला एक कॉल होता, तीन मिनिटांचा, आणि तो याच गावच्या टॉवरवर उचललेला होता. पहिली एसटी तिथून सहा चाळीसला जाते. म्हणजे फोन कानाला लावलेला असताना गाडी पट्टीच्या बाहेर गेली, असा माझा निष्कर्ष. गाडीत दुसरं कुणी असल्याची खूण मला कुठंच सापडली नाही.

मग मी मिरजेला गेलो. दवाखान्याच्या बोळात माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यांच्यात आमच्या तालुक्यातलीही पुष्कळ. गणवेश बघून लोक बाजूला झाले, पण डॉक्टर खोलीतून बाहेर आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. तो फरक मला त्या दिवशी टोचला नाही. पुढं टोचला.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. साठीला आलेले, सडपातळ, माझ्याहून अर्धा फूट उंच. मी क्लचचं सांगितलं, फोनचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. टेबलावरच्या पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"मी उतरलो होतो," ते म्हणाले. "तपासलं. मांडीची मोठी रक्तवाहिनी गेलेली होती. साहेब, असे मी खूप पाहिलेत. तो माणूस वाचणारा नव्हता. आणि इथे नऊ वाजता माझ्या टेबलावर एक सात वर्षांची मुलगी होती. मी तिथे थांबलो असतो तर लोक जमले असते, तुम्ही आला असता, ती मुलगी गेली असती. ती जगली. वॉर्डात आहे, बघून या."

"तो तुमच्याशी बोलण्याच्या स्थितीत होता का?"

त्यांनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा."

मुलगी मी पाहिली. खरंच जगली होती. तिची आई मला डॉक्टरांचा माणूस समजून माझ्या पाया पडली.

तिथून निघालो ते शवविच्छेदन केलेल्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरकडे. त्याला सरळ विचारलं, किती वेळ जिवंत असेल? तो म्हणाला अर्धा तास तरी. कुणी मांडी गच्च बांधली असती, गाडीत घालून आणलं असतं तर? तो म्हणाला, "माझ्या मते वाचला असता. पाय गेला असता कदाचित." मी म्हणालो हे लेखी द्या. त्यानं दाराकडे पाहिलं. "साहेब, मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. मृत्यूचं कारण मी लिहिलंय, रक्तस्राव. 'असतं तर' माझ्या रिपोर्टमध्ये बसत नाही."

आणि डॉक्टरांनी बंद खोलीत मला जे सांगितलं, ते पुन्हा कधीच कुणाला सांगितलं नाही. पोलिसासमोरची कबुली पुराव्यात चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. नोटीस दिल्यावर ते वकिलासह आले, अटक झाली, तासाभरात जामिनावर गेले. त्यांच्या जबाबात एवढंच होतं की आपण मागच्या सीटवर होतो, एक फोन घेतला आणि झोपलो.

मी वरिष्ठांकडे गेलो. म्हणालो, हा नुसता हयगयीचा प्रकार नाही. जिवंत माणूस सोडून गेलेत, तेही डॉक्टर असून. सदोष मनुष्यवधाचं कलम लावू द्या. साहेबांनी फाईल वाचली, बंद केली. "अपघात आहे. अपघाताला अपघातच राहू द्या. कोर्टात टिकणार नाही आणि उद्या निम्मा जिल्हा रस्त्यावर येईल." वर आणखी एक गोष्ट विचारली. "त्या ड्रायव्हरनं पोलिसांना खोटी माहिती दिली, त्याचं काय केलंत?"

"साहेब, तो साक्षीदार आहे. मी त्याला शब्द दिलाय."

"शब्द कागदावर आहे का? उद्या बचावाचा वकील विचारेल, खोटारड्याला मोकळा का सोडला? तुम्हीच शिकवून उभा केला म्हणेल. तक्रार दाखल करा. किरकोळ आहे, दंड होईल आणि साक्षीदार स्वच्छ होईल."

युक्तिवाद मला पटला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तक्रार माझ्या सहीनं गेली. ड्रायव्हरनं वकीलसुद्धा दिला नाही. गुन्हा कबूल आहे म्हणाला. न्यायाधीशांनी दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद सुनावली. हा प्रकार वाचकांना माहीत नसेल. कोर्टाच्या खोलीतल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचं, कामकाज संपलं की घरी जायचं. मी दुपारी दुसऱ्या एका कामासाठी तिथे गेलो तर तो बाकाच्या टोकाला डबा मांडीवर घेऊन बसला होता. डबा उघडायला परवानगी आहे का, हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. मी सांगितलं, "जेवून घे." तो म्हणाला, "व्हय सायब." पण उघडला नाही.

दवाखान्यातली नोकरी गेली होतीच. काही महिन्यांनी शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून त्याला काम मिळत होतं. शाळेनं पोलीस पडताळणी मागितली. अर्ज माझ्याच टेबलावर आला. रकाना होता, अर्जदारास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय. मी लिहिलं, होय. खोटं कसं लिहिणार?

मुख्य खटला उभा राहायला पाच वर्षं गेली. तोवर माझी साताऱ्याला बदली झाली होती, हवालदार निवृत्त झाला होता. समन्स आलं की मी साताऱ्याहून यायचो, कधी पुढची तारीख मिळायची, कधी न्यायाधीश रजेवर असायचे.

म्हातारीची साक्ष झाली त्या दिवशी मी हजर होतो. काठी टेकत आली. सरकारी वकिलानं विचारलं, उतरलेला माणूस कसा होता? ती म्हणाली, "नीट दिसलं न्हाई. धुकं हुतं." ड्रायव्हरच्या बाजूनं उतरला का? "ठावं न्हाई." वकिलानं तिला फितूर जाहीर केलं, उलटसुलट विचारलं, ती ढिम्म हलली नाही. बाहेर झाडाखाली मी तिला गाठलं. रागानंच म्हणालो, "आजी, कुणी काय दिलं तुम्हाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शरमल्यासारखं झालं. "कुनी काय द्यायचं मला? माझ्या ल्योकाची किडनी सडली हुती सायब. मागल्या साली. त्येंनी काढली, जगवला. त्येनी मला वळखलं सुदिक न्हाई. आता मी कुठल्या तोंडानं बोट दावू? त्यो पानीवाला माझ्या भाच्यावानी हुता. पर त्यो काय माघारी येतोय व्हय?"

पैशानं फितूर झालेला साक्षीदार मी समजू शकत होतो. त्याच्यावर संतापता येतं. या बाईवर कसं संतापायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

उरला ड्रायव्हर. तो एकटाच टिकला. ज्यांनी बायको वाचवली त्यांच्यासमोर, त्यांच्या नजरेला नजर न देता, त्यानं सगळं सांगितलं. मग बचावाचे वकील उठले. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. एक कागद पुढं केला.

"पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली आहे?"

"व्हय."

"तक्रार कुणी दिली होती?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"म्हणजे या तपासी अधिकाऱ्यांनीच कोर्टाला सांगितलं की तुम्ही खोटं बोलणारे इसम आहात."

"तवा खोटं बोललो, म्हणून त्ये..."

"एवढंच. धन्यवाद."

निकालपत्रात लिहिलं होतं, सदर साक्षीदार हा विसंगत कथन करणारा व शिक्षा झालेला असून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबणे धोक्याचे ठरेल. सीट मागं असल्याबद्दल म्हटलं होतं, चावी दवाखान्याच्या वॉचमनकडे होती, दरम्यान कुणीही सीट हलवली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. फोनबद्दल म्हटलं होतं, आरोपी गाडीत होता हे यातून दिसतं, चालवत होता हे दिसत नाही; आणि ड्रायव्हरचा फोन मिरजेत होता म्हणून तो स्वतःही तिथेच होता असं सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. अपील करावं असं मी लिहून पाठवलं. अपीलयोग्य नाही असं उत्तर आलं.

त्या सगळ्या प्रकरणात शिक्षा एकाच माणसाला झाली, आणि ती मी मिळवून दिली. त्या दिवसानंतर उरलेल्या नोकरीत कुठल्याही माणसाला 'तुला काही होणार नाही' असं मी म्हटलं नाही.

कायद्याची एक गोष्ट सर्वसामान्य वाचकांना ठाऊक नसते. त्या काळी सायकल चोरली तर तीन वर्षांपर्यंत कैद होती आणि गुन्हा अजामीनपात्र. सायकलवरचा माणूस हयगयीनं मारला तर दोन वर्षांपर्यंत, आणि जामीन ठाण्यातच. मी हे एकदा प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना सांगितलं तेव्हा ती हसली, त्यांना वाटलं मी विनोद करतोय. आता नवा कायदा आलाय, दोनाची पाच वर्षं झालीत. खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांचं पोटकलम छापलेलं आहे, मी हे लिहितोय तोवर लागू झालेलं नाही. झालं तरी माझी फार आशा नाही. शिक्षा किती, हा प्रश्न आमच्याकडे शेवटी येतो. आधी हे ठरतं की मेला कोण आणि गाडीत कोण होतं. गावातल्या पारावर मी माझ्या कानांनी ऐकलंय, "डॉक्टर आत गेला तर शंभर माणसं मरतील. पाणी सोडाय काय, दुसरा कोणबी भेटंल." बोलणारा वाईट माणूस नव्हता.

निकालानंतर महिन्याभरानं मयताची बायको साताऱ्याला माझ्याकडे आली. एकटीच, एसटीनं. मला वाटलं वरच्या कोर्टाचं विचारेल. मी फाईल काढायला उठलो. ती म्हणाली, "र्‍हाऊ द्या सायब. शिक्शेचं इचाराय न्हाई आली. डाक्टर खाली उतरलं हुतं नव्हं? वाकून बघितलं हुतं?"

"हो."

"मग आमचं ह्ये कायतरी बोललं असतील. त्येंना तेवढंच इचारून द्या. मी इचारलं तर वाईट दिसंल. तुमी सायब हाय, तुमाला सांगतील. दुसरं काय नगं."

मी मिरजेला गेलो. गणवेश घातला नाही, रुग्णांच्या रांगेत नंबर लावला. दीड तासानं आत गेलो. डॉक्टर थकलेले दिसत होते, केस पार पांढरे झालेले. मी म्हणालो, हा तपास नाही, केस संपली, मी काही लिहून घेणार नाही. त्या बाईला एवढंच कळू द्या, तो काही बोलला का?

त्यांनी चष्मा काढला. क्षणभर मला वाटलं सांगतील. मग चष्मा पुन्हा घातला.

"साहेब, मी मागे झोपलो होतो. कोर्टानं तेच मानलंय ना?"

परतीच्या वाटेवर मी त्या गावात थांबलो. बाई अंगणात भांडी घासत होती. हात पुसत उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. खोटी माहिती दिली म्हणून एका माणसाला कोर्टाच्या बाकावर बसवणारा मी, त्या अंगणात उभा राहून म्हणालो, "विचारलं मी. ते म्हणाले, काही बोलले नाहीत. जागीच गेले होते. त्रास झाला नाही."

तिनं मान हलवली. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात ती म्हणाली, "पर सायब, आजी म्हणती लय येळ वाकून बघत हुतं. मेलेल्या माणसाकडं इतका येळ कोन बघतंय?"

याचं उत्तर ठाऊक असलेला माणूस जगात एकच आहे, आणि निकालपत्रानुसार तो त्या वेळी मागच्या सीटवर झोपलेला होता.